कुलपातील विद्या

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलूप लागताच ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे जे घोषवाक्य शासनाने प्रसृत केले, त्यातील अद्वैत सिद्धान्ताची प्रचीती गोंदिया जिल्ह्याइतकी अन्यत्र क्वचितच आली असेल. सालेकसा-देवरीच्या ज्या अरण्यात मोहाच्या झाडावर चढल्याशिवाय रेंज हाती लागत नाही आणि घरातील एकुलता एक मोबाईल बापाच्या खिशातून धानाच्या रोवणीला जातो, तेथेही ऑनलाईन अध्ययनाचे परिपत्रक व्हॉट्सॲपवरून बिनचूक रवाना व्हावे, यापरते कारभाराचे कौतुक ते कोणते? पुढे एप्रिल 2021 मध्ये पहिली ते आठवीची समस्त मुले परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. तेव्हा शाळेविना शिक्षण आणि परीक्षेविना यश ही दोन्ही सिद्ध झाल्यावर, शिक्षणखात्याविना शिक्षणाचीही तजवीज सरकारने अवश्य करावी, अशी आमची नम्र सूचना आहे. सरकारला अग्रक्रमाचे भान नव्हते, असा ठपका मात्र कोणी ठेवू नये: राज्यात मद्याच्या दुकानांना उघडण्याची परवानगी मे 2020 मध्ये मिळाली; ग्रामीण भागातील पहिलीच्या वर्गाला ती 1 डिसेंबर 2021 पासून मिळाली.