अभिप्राय हवा, जाणकारांनी तसदी घेऊ नये

नाशिकच्या माणसाकडे मिसळीबद्दल अभिप्राय मागावा लागत नाही. पहिला घास पोटात जायच्या आत तो मिळतो. तर्री नुसतीच लाल आहे, मटकीला मोड कमी आलेत, शेव कालची दिसते. याच माणसाच्या हातात कोणी आपलं लिखाण ठेवलं की मात्र त्याची जीभ एकदम गोड होते. "छान झालंय!" नेमकं काय छान झालंय ते विचारायची सोय नसते, कारण बहुधा पहिलंच पान वाचलेलं असतं. लिहिणारा खूश, वाचणारा सुटला. मिसळवाला बिचारा ऐकून घेतो, पण दुसऱ्या दिवशी मटकी जरा आधी भिजत घालतो.

माझा भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वेबपान कसं बनवायचं ते तो अलीकडेच शिकला आणि शिकल्याबरोबर त्याने नवशिक्यांसाठी मराठीतून धडे लिहायला घेतले. घरात हसू झालं. स्वतःच नवशिका, हा काय शिकवणार! मला उलट वाटलं. वीस वर्षं कोड लिहिणाऱ्याला आपण पहिल्यांदा कुठे अडखळलो होतो ते आठवत नाही. आपण जन्मलो तेच ब्राउझर उघडता येत असताना, अशी त्याची समजूत झालेली असते. भाच्याची ठेच अजून ताजी होती.

धड्यांची पीडीएफ त्याने दोन ठिकाणी पाठवली. एक मला, कारण माझी सगळी नोकरी संगणकापुढे गेली. दुसरी पुण्यात आयटीत असलेल्या त्याच्या मित्राच्या मोठ्या भावाला. दादाचं उत्तर तासाभरात आलं. आजकाल नोटपॅड कोण वापरतं? चांगला एडिटर घे. सरळ रिअ‍ॅक्टपासून सुरुवात कर. ओळी आत सरकवताना टॅब नको, स्पेस दे. सल्ल्यात चुकीचं काहीच नव्हतं. फक्त ज्याच्यासाठी धडे लिहिले होते तो माणूस त्यात कुठे दिसत नव्हता. तज्ज्ञाचा अभिप्राय पुष्कळदा दुसऱ्या तज्ज्ञाने ऐकावा म्हणून दिलेला असतो.

मी पीडीएफ वाचलीच नाही. ती त्याच्या मामीच्या हवाली केली. मामी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वह्या तपासण्याचा अनुभव दांडगा, संगणकाशी ओळख वीजबिल भरण्यापुरती. याहून योग्य परीक्षक मला गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंत सापडला नसता. तिने आधी पानं छापून आणायला लावली. मग लाल पेन काढलं. भाच्याचा चेहरा तिथेच उतरला.

तिसऱ्या पानावर एक साधं वाक्य होतं. नोटपॅडमध्ये कोड लिहा, 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' या नावाने सेव्ह करा आणि फाइलवर डबल क्लिक करा. भाच्याच्या लेखी ते एक वाक्य होतं. मामीचा त्यात अर्धा रविवार गेला. डबल क्लिक केलं की वेबपानाऐवजी पुन्हा नोटपॅडच उघडायचं. नोटपॅडने नावामागे गुपचूप 'टीएक्सटी'चं शेपूट लावलं होतं आणि विंडोज अशी शेपटं एरवी दाखवतच नाही. सेव्ह करताना खालच्या खिडकीत 'ऑल फाइल्स' निवडायचं असतं. हे माहीत असणाऱ्याचा हात तिकडे आपोआप जातो, म्हणून सांगायचं राहून जातं. मामीने समासात लिहिलं, "इथे अडकले. नाव सांगितलंस तेच दिलं, पान आलं नाही." खाली आणखी एक ओळ. "सेव्ह कुठे करायचं ते लिहिलेलं नाही. मी केलं. आता सापडत नाही."

नवख्या माणसाकडून तपासून घेणं हा काही आमच्या घरातला शोध नव्हे. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा केला. साधारण दहा मिनिटांचे धडे, त्यांना मराठीसह अनेक भारतीय भाषांतून आवाज, आणि समोर मास्तर नाही. तिथे धड्याची संहिता विषयातल्या जाणकाराने तर तपासायचीच, पण नवख्या माणसाकडूनही तपासून घ्यायची अशी वेगळी पायरी ठेवलेली आहे. म्हणजे विषय न येणं ही तिथे रीतसर पात्रता! आमच्या नाशिकलाही याचं महत्त्व कळायला हवं. 1989 साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ इथलंच, आणि त्याचा बराचसा डोलारा घरी बसून वाचायच्या पुस्तकांवर उभा. जिल्ह्यातल्या सुरगाण्यात किंवा पेठला रात्री एकट्याने वाचत बसलेल्या विद्यार्थ्याला पुस्तकापुढे हात वर करून "सर, समजलं नाही" म्हणता येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी आधीच अडकून घ्यायला हवं.

मामी मनापासून अडकत होती. वेबपान ज्या खुणांनी लिहितात ती एचटीएमएल स्वभावाने सोशिक. एखादी खूण बंद करायची राहिली तरी ब्राउझर सांभाळून घेतो आणि पान दाखवतो. त्या लाडाची सवय होते न होते तोच पानाला हलतं-बोलतं करणारी भाषा, जावास्क्रिप्ट, येते. ब्रेंडन आइक यांनी 1995 च्या मे महिन्यात दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा केला, आणि तेव्हापासून ती नवशिक्यांचे दहा-दहा दिवस खाते आहे. तिच्यातली 'गेटएलिमेंटबायआयडी' ही आज्ञा लिहिताना शेवटचा डी लहान हवा. मामीने तो मोठा काढला. पान गप्प. चूक झाली असंही कोणी सांगेना. तिने लिहिलं, "आपल्याकडे लहान डी, मोठा डी नसतो. आधी बजावायला हवं होतं." देवनागरीत वाढलेल्या वाचकासाठी लिहिलेल्या धड्यात हे पहिल्या पानावर यायला हवं, आणि ते पुण्याच्या दादाला सुचलं नव्हतं.

सगळ्यात मोठी गंमत मराठी मजकुराची झाली. धड्यातल्या नमुन्याच्या पानावरचा मजकूर इंग्रजी होता. मामीने हौसेने स्वतःचं शीर्षक टाकलं, 'नमस्कार गोदावरी'. तिच्या जुन्या लॅपटॉपवर उमटली डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ए ची रांग, आणि मधूनमधून चलनांची चिन्हं. मजकूर कुठल्या संकेतात लिहिला आहे, म्हणजे यूटीएफ-8 मध्ये, हे सांगणारी ओळ भाच्याने 'पुढे बघू' म्हणून वगळली होती. ती नसली की ब्राउझर अंदाज बांधतो आणि अंदाज चुकला की देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन तुकड्यांत फुटतं. 'नमस्कार'मधल्या जोडाक्षराचा पाय मोडला की तिथे जपानचा येन बसतो. 'गोदावरी'तला शेवटचा ईकार तर येनच्या पाठोपाठ युरो घेऊन येतो. नाशिक रोडला 1928 पासून नोटा छापल्या जातात, पण येन आणि युरो आमच्या गावात पहिल्यांदाच छापले गेले असावेत. मामीचा शेरा एका शब्दाचा होता, "हिशेब?"

आता अभिप्राय कसा द्यावा यावर बरेच लोक बरंच सांगतात. आधी कौतुक करा, मधे दोष सांगा, शेवटी पुन्हा कौतुक करा. मामीने यातलं काही केलं नाही. तिने फक्त कुठल्या ओळीवर थांबले, काय करून पाहिलं आणि पडद्यावर काय दिसलं एवढंच लिहिलं. भाच्याला बुद्धीबद्दल एक शब्द ऐकावा लागला नाही आणि दुरुस्ती कुठे करायची याबद्दल एकही प्रश्न उरला नाही. एका पानावर मात्र 'उत्तम' असा शेरा होता. चित्राची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली तर चित्र का दिसत नाही, ते त्याने आपली फजिती सांगून समजावलं होतं. तेवढं पान मामीला पहिल्या वाचनात जमलं.

भाच्याने धडे नव्याने लिहिलेत. फाइल कुठे ठेवायची, शेपूट कसं तपासायचं, यूटीएफ-8 ची ओळ कुठे टाकायची, सगळं आलंय. आता पंचाईत अशी की मामीला बऱ्यापैकी यायला लागलंय, त्यामुळे परीक्षक म्हणून ती बाद झाली. तेव्हा वेब प्रोग्रॅमिंगचा ओ की ठो कळत नाही अशा वाचकाने कृपया कळवावं. थोडंफार येणाऱ्यांनी आणि 'छान झालंय' म्हणणाऱ्यांनी तसदी घेऊ नये. लाल पेन आम्ही देऊ.