शीव ओलांडताना

गावाची शीव ओलांडताना वऱ्हाडाच्या गाडीपुढे नारळ फोडण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. परंतु मुंबईतील शीव सहस्रावधी माणसे नित्य नारळाविनाच ओलांडीत आली असल्यामुळे, त्या ओलांडण्यामागे १९१२ साली बांधलेल्या एका पुलाचे पुण्य उभे आहे, ही गोष्ट तो पूल १ ऑगस्ट २०२४ रोजी वाहनांस बंद होईपर्यंत कोणाच्या, निदान माझ्या तरी, ध्यानात आली नव्हती. पूल जीर्ण झाला होता आणि त्याखालून रेल्वेला पाचवी व सहावी मार्गिका न्यावयाची होती. जानेवारीपासून त्याच्या बंदीचे मुहूर्त निघत आणि कधी परीक्षा, कधी निवडणूक अशा सबबींवर तहकूब होत. इतक्यांदा तहकूब झालेले कार्य सहसा तडीस जात नाही, असा माझा अनुभव असल्यामुळे (आमच्या मेहुण्याचे लग्न हा एक अपवाद), त्या वेळी मी निर्धास्तपणे माझी कातडी बॅग दुरुस्तीसाठी पलीकडे, धारावीच्या बाजूस, एका कारागिराकडे टाकून ठेवली होती.

ती आणावयाची वेळ आली तेव्हा पूल बंद. पायी जाणाऱ्यांसाठी जिन्याचा पूल शाबूत होता. पण माझा उजवा गुडघा जिना म्हटले की कुरकुर करतो, हे सर्वश्रुत आहे. "अहो, दहा मिनिटांचं काम, जाऊन या चालत," असे घरातून फर्मान सुटले, आणि शेजारचे अण्णा, वय वर्षे बहात्तर, चपला शिवून आणण्याच्या निमित्ताने त्याच वाटेने निघालेही. मी मात्र बसने जाण्याचा निश्चय जाहीर केला.

"बोला, कुठं?" कंडक्टरने विचारले.

"पलीकडे."

"पलीकडे म्हणजे?"

"पुलाच्या पलीकडे."

"पूलच नाही तर त्याचं पलीकडे कुठून आणू? स्टॉपचं नाव सांगा."

या न्यायशास्त्रापुढे निरुत्तर होऊन मी पाच रुपये पुढे केले. पुलावरून एरवी डुलकी लागण्याआधी पलीकडे टेकणारी ती बस आता दक्षिणेकडे तोंड करून शीव रुग्णालयाच्या चौकाकडे निघाली, तेथे वळून सुलोचना शेट्टी मार्गाने रुळांवरून गेली आणि कुंभारवाड्याच्या नाक्यावर, उभ्या मुंबईची वाहने जणू तिच्याच सत्कारासाठी जमली असावीत अशा गर्दीत, स्थिरावली. गल्लीच्या तोंडाशी एक कुंभार ओल्या पणत्या फळीवर मांडीत होता. फळी रिकामी असता मी पाहू लागलो. त्याने ती काठोकाठ भरली, उचलून आत नेली, दुसरी आणली, तिचीही एक ओळ पुरी केली, तेव्हा कोठे बसचे चाक अर्धा वेढा फिरले. त्याचे चाक आमच्या चाकाहून कितीतरी वेगाने फिरत असावे. शेजारी बसलेल्या बाई मांडीवर भाजीची पिशवी घेऊन शांतपणे पालेभाजी निवडत होत्या. "घरी जाऊन फोडणी तेवढी द्यायची," त्या म्हणाल्या. प्रवासाचा इतका विधायक उपयोग मी यापूर्वी पाहिला नव्हता.

मला पाहिजे होता तो थांबा बंदोबस्ताच्या गडबडीत वगळला गेला होता. पुढच्या थांब्यावर उतरून, कुरकुरणाऱ्या गुडघ्यासह, मी आलो त्याच दिशेने बरेच चालत मागे आलो. दुकानापाशी पोहोचतो तो समोरून अण्णा येत होते. चपला शिवून झाल्या होत्या, पायात घालूनही झाल्या होत्या, आणि हातात घरच्यासाठी घेतलेली केळी होती.

"काय हो, शीव ओलांडलीत," ते म्हणाले, "नारळ फोडलात की नाही?"

बॅग घेऊन मी मुकाट्याने त्यांच्यामागून जिना चढलो. पायऱ्या फारशा नाहीत.