खुंटेवाले काका

काका घरी आले की आधी चौकटीची विचारपूस करतात, मग आपली. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक, खिशातला टोच्या काढून उंबऱ्याजवळच्या कोपऱ्यात हळूच खुपसणं, आणि मग, "काय, बरं आहे ना?"

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकूड टिकवण्याच्या कामात हयात घालवून ते कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या वडिलांच्या वाड्यात परतले. काम काय? खुंटे पुरायचे आणि कुजायची वाट बघायची. वेगवेगळी औषधं पाजलेले खुंटे अर्धे जमिनीत गाडून ठराविक दिवसांनी उपटून बघायचे. औषध चांगलं असेल तर वर्षानुवर्षं काहीही घडत नाही. काकांची बढती झाली, बदली झाली, मुलीचं लग्न झालं. खुंट्याला काही झालं नाही. हेच यश! मुलीचं स्थळ बघून आले तेव्हा काकूंनी विचारलं, "मुलगा कसा आहे?" म्हणाले, "दारं शिसवी आहेत, पण मागच्या तुळईत वाळवी आहे." लग्न तिथंच झालं. तुळई काकांनी बदलून घेतली.

अंबाबाईच्या खालोखाल त्यांचं दैवत म्हणजे सोंती कामेशम. या गृहस्थांनी 1933 साली डेहराडूनला तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकची जोडगोळी नव्हे, तिगोळी जमवली. तांबं बुरशीला आवरतं, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम दोघांनाही लाकडात धरून ठेवतं. जगभरचे लाकडी खांब या औषधावर उभे राहिले. "आणि इथं एका मिस्त्रीला त्यांचं नाव माहीत नाही!" मिस्त्रींशी काकांचं उभं वैर. "सागवान हाय सायेब, शंभर वर्सं काय हुईत न्हाई." काका फळीच्या कडेची पांढरट पट्टी दाखवतात. "टिकतो तो गाभा. हे बाहेरचं पांढरं वाळवीला विचार, सागाचं आहे का आंब्याचं."

2019 च्या महापुरात मात्र त्यांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पाणी ओसरल्यावर लोक चिखल उपसत होते आणि हे ओलावा मोजायचं यंत्र घेऊन दारोदार. सांत्वनाला आले म्हणून बाया डोळ्याला पदर लावायच्या, हे चौकटीला सुया टोचून म्हणायचे, "अठ्ठावीस टक्के! विसाच्या खाली आल्याशिवाय रंग लावू नका, ओल आत कोंडून कुजेल." दिवाळीच्या तोंडावर पेठेनं हौसेनं रंग लावला. पुढच्या पावसाळ्यात टोच्या मुठीपर्यंत आत जायला लागला.

निवृत्तीनंतरही परड्यात खुंट्यांची रांग होतीच, प्रत्येकावर पत्र्याचा नंबर. शेजारणींना करणीचा संशय आला, कुणीतरी लिंबूही टाकून गेलं. याला शास्त्रात 'ग्रेव्हयार्ड टेस्ट' म्हणतात, असा खुलासा काकांनी केला. तेव्हापासून कामवाली मागच्या दारानं येईना.

गेल्या होळीला गल्लीतल्या पोरांनी रिवाजाप्रमाणे लाकडं चोरली, त्यात ते खुंटे. आर्सेनिकचं लाकूड जाळायचं नसतं, धूर विषारी. काका धोतर सावरत होळीपुढं बोंबलू लागले. पण त्या दिवशी बोंबलणाऱ्याकडं कोण बघतो? पोरांनी उलट साथ धरली. शेवटी त्यांनी स्वतःच ढिगातून खुंटे ओढून काढले आणि कंदिलाशी नेऊन एकेक तपासले. वहीत नोंद केली: "नऊ वर्षे. वाळवी: नाही. बुरशी: नाही. शिवाजी पेठ: तीव्र प्रादुर्भाव."