कुंपणापलीकडची सहल

"कळलं का गं, नव्या बंगल्यातली मंडळी कासला जाऊन आली," काकू म्हणाल्या. हातात झारी होती, पण त्यातलं पाणी कधीच संपलं होतं. काकूंची झारी रिकामी झाली की बातमी भरून आलेली असते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"हो, फोटो बघितले मी. काय फुलं आहेत यंदा!"

"फोटोत फुलंच दिसायची. पोरगं दिसलं का कुठं?"

मी आठवून पाहिलं. दिसलं होतं, एका फोटोत. आईच्या कमरेवर, तोंड वाकडं, एका पायात बूट नाही.

"तेच म्हणते मी. पहाटे पाचला उठवलं त्याला. साताऱ्यापर्यंत झोपलं, यवतेश्वरच्या घाटात ओकलं. वर गेल्यावर गाडी लांब लावायची, तिथनं बसमधनं जायचं, मग रांग. आणि रांगेतनं सुटून पुढं काय, तर हात लावायचा नाही, पळायचं नाही, तुडवायचं नाही. चार वर्षांच्या पोराला एवढं मोकळं रान दाखवायचं आणि वर म्हणायचं, पळू नकोस! मिठाईच्या दुकानात नेऊन एकादशी सांगावी तसलं झालं हे."

"पण काकू, पळू दिलं तर पठार राहील का? तिथं माती ती किती, खाली सगळा जांभा. त्या बोटभर मातीवर साडेआठशे जातींची झाडं-झुडपं उगवतात. उगाच नाही २०१२ साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घातलं."

"अगं, मी कुठं पठाराला नावं ठेवतेय? पठार चांगलंच आहे. पोर आणि पठार यांची पत्रिका जुळत नाही एवढंच म्हणणं."

यावर मला गप्प बसता आलं असतं, पण काकूंपुढं गप्प बसलं की त्या जिंकल्या असं धरतात. म्हटलं, जुळते, पण जुळवणारा पाहिजे. मोठी माणसं पठारावर उभं राहून लांब बघतात: इकडं तेरड्याचा गुलाबी पट्टा, तिकडं सोनकीचा पिवळा. पोराला पट्टा दिसतच नाही. त्याची नजर जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. त्याला गुडघ्यावर बसवून सीतेची आसवं दाखवावीत. एवढंसं जांभळं फूल, आणि मुळांपाशी बारीक फुगे, त्यात किडे अडकवून खाणारं. जवळपास कुठं दवबिंदू असतो, त्याच्या पानांवरच्या चिकट थेंबाला माशी चिकटली की सुटत नाही. 'हे झाड किडे खातं' एवढंच सांगितलं असतं तर त्या पोराला तिथनं उचलून आणावं लागलं असतं. आमच्या धाकट्यानं हे ऐकल्यापासून तुळशीला मुंग्या भरवायचा उद्योग चालवलाय.

"तरीच! माझ्या तुळशीपाशी काल साखर सांडलेली होती," काकू म्हणाल्या आणि विषय तिथंच सोडला, म्हणजे लक्षात ठेवला.

"आणि ती टोपली कारवी म्हणतात ती?"

"ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते."

"मग बरंय. पुढच्या खेपेला पोरं शाळेची सहल घेऊन जातील, आपल्याला विचारायचीसुद्धा नाहीत."

हस्ताचा पाऊस नुकताच ओसरलेला होता. वाईत हे दिवस विचित्र असतात. सकाळी नदीवर धुकं, दुपारी ऑक्टोबरचं ऊन डोक्यात जाणारं, आणि संध्याकाळी पसरणीच्या डोंगरावरून असा वारा येतो की घरातली पोरं घरात राहत नाहीत. शाळेला दसऱ्याची सुट्टी, पुढं दिवाळीची. प्रत्येक घरात एकच प्रश्न: यांना न्यायचं कुठं? आणि पुण्या-मुंबईची निम्मी माणसं आपल्या गावावरून पुढं जात असतात, तेव्हा आपणही कुठंतरी 'वर' गेलं पाहिजे असं आपल्याला उगीचच वाटायला लागतं.

"आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता," काकूंनी झारी खाली ठेवली. याचा अर्थ आता वेळ लागणार. "दसऱ्याला वडील सगळ्यांना घेऊन सीमोल्लंघनाला निघायचे. शीव किती लांब? ओढ्यापलीकडं! आपट्याची पूजा करायची, सोनं लुटायचं, शेताच्या बांधावर बसून खोबरं-गूळ खायचा, अंधार पडायच्या आत घरी. ओवाळून घेतल्यावर मोठ्यांच्या पाया पडायला घरोघर. त्यातच पाय मोडायचे. पण गावाची शीव ओलांडली म्हणून काय ऐट असायची! धाकटा भाऊ तर आठवडाभर सांगत फिरायचा, मी परगावी जाऊन आलो."

"आता शीव शोधायलाच रिक्षा करावी लागेल, काकू. ओढ्यापलीकडं सगळे प्लॉट पडलेत."

"आणि आपट्याच्या नावावर बाजारात कांचनाची पानं. त्या बिचाऱ्या झाडांच्या फांद्या ओरबाडून आणतात. मी तर ह्यांना सांगितलंय, यंदा शब्दांचं सोनं द्या, ते तसंही तुमच्याकडं पडूनच असतं."

काका आत वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटल्याचा आवाज जरा मोठा आला.

काकूंचं म्हणणं मला पटत होतं, पण पूर्ण नाही. जुनं सगळं जवळ होतं म्हणून चांगलं, असं नव्हे. पोरांना गाडीत बसायचं असतं, खिडकी हवी असते, 'आपण कुठंतरी चाललोय' ही भावना हवी असते. ओढ्यापर्यंत चालत नेलं तर आमची मोठी विचारते, सहल कधी सुरू होणार? म्हणून आम्ही गेल्या रविवारी मेणवलीला गेलो. तीन किलोमीटर. पण डबा घेतला, टोप्या घातल्या, पाण्याच्या बाटल्या गळ्यात. सहल झाली.

"नाना फडणवीसांच्या वाड्यात? तिथं पोरं काय करणार? भिंतींवरची चित्रं बघणार?"

"वाडा ह्यांनी बघितला. पोरं घाटावरच्या घंटेखाली बसली."

मेणवलीच्या घंटेची गोष्ट पोरांना सांगायला इतकी सोयीची आहे की मला वाटतं कुणीतरी मुद्दामच ती घडवून ठेवली. चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठे सरदार गावोगावच्या देवळांना घेऊन गेले. भीमाशंकरला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक. त्यातलीच एक इथं कृष्णाकाठी महादेवाच्या दारात. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. आमच्या मोठीनं ती चटकन ओळखली, कारण शाळेत नाताळाचं नाटक होतं. धाकट्याचा प्रश्न निराळा: एवढी जड घंटा आणली कशी? घोड्यावर? हत्तीवर? आणि वाटेत वाजत होती का? या शेवटच्या प्रश्नाला कुठल्याच बखरीत उत्तर नसेल. ह्यांनी ठोकून दिलं, "आत गवत कोंबलं असणार." आता पोरगं स्वतःच्या सायकलच्या घंटीत गवत कोंबून फिरतंय.

"कालपासनं म्हणूनच आवाज बंद आहे होय! मला वाटलं तुम्ही रागावलात त्याला."

"पायऱ्यांवर मात्र हात सोडायचा नाही, काकू. पावसाळ्याचं शेवाळ अजून वाळलेलं नाही. वर धरणातनं पाणी सोडलं तर खालच्या पायऱ्या बुडतात. तिथं शूटिंग झालं म्हणून माणसं फोटोसाठी काठाला जातात आणि पोर मागं एकटं."

"शूटिंगचं राहू दे. आमच्या माहेरच्या पाव्हण्यांना गावातला ढोल्या गणपती दाखवायला नेलं तर म्हणतात, इथंच तो शाहरुख आला होता का? म्हटलं, तो मेणवलीला. इथं आधी देवाला नमस्कार करा, तो १७६२ पासनं बसलाय."

मग काकूंनी ढोल्या गणपतीचं त्यांचं आवडतं कौतुक सांगितलं, जे मी बऱ्याचदा ऐकलंय आणि तरी ऐकते. रास्त्यांनी देऊळ बांधताना मागची भिंत माशासारखी निमुळती काढली, पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. पोरांना समोरून दर्शन झालं की मागं न्यायचं आणि म्हणायचं, मासा शोध. भिंतीवर कोरलेला मासा शोधत ती देवळाला दोन प्रदक्षिणा घालतात. भिंतच मासा आहे हे कळल्यावर जो चेहरा होतो, तो बघायला मीसुद्धा पुन्हा जाईन.

"तुझी जाऊबाई येतेय ना दिवाळीत? ती तर पाचगणीचं म्हणेल."

म्हणेलच. दर दिवाळीत म्हणते. बारा-तेरा किलोमीटरच तर आहे! पण ते बारा-तेरा किलोमीटर म्हणजे पसरणीचा घाट, आणि लक्ष्मीपूजनानंतरच्या सुट्ट्यांत तो घाट म्हणजे गाड्यांची माळ. मागच्या सीटवर तीन पोरं, प्रत्येकाच्या गालात आवळासुपारी, आणि दर वळणाला 'आलं का?' वर पोचल्यावर टेबललँडवर घोडा. घोड्यावर बसायला रडायचं आणि बसल्यावर उतरायला रडायचं. खरं दुखणं तर निराळंच. जाऊबाईंची मुलगी स्ट्रॉबेरी तोडायला म्हणून टोपली घेऊन येते. तिला कोण सांगणार की रोपं आत्ताच कुठं लागलीत? दिवाळीत शेतात जावं तर गादीवाफे, त्यावर पसरलेला प्लास्टिकचा कागद आणि भोकातनं डोकावणारी पानं. खरा बहर पुढं थंडीत. दुकानातनं जॅमची बाटली आणून टोपलीत ठेवली तर ती पोरगी म्हणते, "ही तोडलेली नाही, विकत घेतलेली आहे." हुशार आहे. आईवर गेलेली नाही.

"असं बोलू नये," काकू म्हणाल्या, आणि कुंपणाला आणखी थोड्या जवळ आल्या. "काय म्हणाली होती ती मागं? हुरडा पार्टी?"

"नोव्हेंबरात हुरडा! म्हटलं, ज्वारी अजून गुडघ्याएवढी आहे, उगाच घाई करू नका."

"त्यापेक्षा ओल्या शेंगा दे की. आत्ता भुईमूग निघालाय. शेतातनं उपटलेला वेल पोरांच्या हातात द्यायचा, शेंगा झाडाला वर नाही, मातीत लागतात हे बघून शहरातली पोरं वेडी होतात. मीठ घालून उकडायच्या. ना घोडा, ना रांग."

हे मात्र खरं. आणि त्या बोलण्यावरूनच आमचा बेत ठरला, म्हणजे काकूंनी ठरवला आणि मी मान डोलावली. कार्तिकात आवळीभोजन करायचं. कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही, सगळ्यांना सोईचा दिवस. धोमच्या बाजूला काकूंच्या भाच्याचा मळा आहे, त्यात आवळीचं झाड आहे आणि शेजारी सावलीला आंबा. आवळीची सावली नावालाच असते, पान एवढं बारीक. पूजा आवळीची आणि बैठक आंब्याखाली, असा शास्त्रात न बसणारा पण डोक्याला ऊन न लावणारा तोडगा काकूंनी काढला. थंडी नुकती पडलेली असते, ऑक्टोबरचा ताप संपलेला असतो, चिखलही वाळलेला. पोरांना झाडाखाली जेवण म्हणजे काय अप्रूप! घरी वरणभाताला नाकं मुरडणारी तिथं बोटं चाटतात, अंगावर मुंग्या चढल्या तरी.

"आणि येताना धोमच्या देवळातलं कासव," मी म्हटलं.

काकूंना ते ठाऊक होतंच. कमळाच्या आकाराचं दगडी कुंड, त्यात भलंमोठं दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी असलं की कासव पोहत निघालंय असं वाटतं. नंदी ओळीत बसलेले सगळ्यांनी बघितलेत. कासवावर स्वार झालेला बघितल्यावर धाकट्यानं गेल्या वर्षी विचारलं होतं, "ते चालायला लागलं तर नंदी पडेल का?" तासभर तिथनं हलला नव्हता. कासव चालेल म्हणून वाट बघत होता.

"डबा कोण काय आणणार ते आत्ताच ठरवू," काकू म्हणाल्या. "तिखटमिठाच्या पुऱ्या माझ्या. दहीभात तुझा, पण दूध घालून लाव, दही तिथं गेल्यावर मिसळ, नाहीतर आंबट होतो. शेंगदाण्याची चटणी दोघींची. बटाट्याची भाजी सासूबाईंना करू दे, त्यांना हौस आहे आणि आपल्याला जमत नाही. पोरांसाठी जादा कपडे दोन-दोन. आणि जुनी चादर आण, चांगली सतरंजी नको. मागच्या वेळी चिंचेचा डाग गेला नाही."

"आणि जायचं कसं? दोन घरची माणसं एका गाडीत मावायची नाहीत."

"एसटीनं! धोमची गाडी आहे की. पोरांना खिडकी मिळेल. हिशेब बघ ना. तुझ्या सासूबाई पंचाहत्तरच्या पुढं, त्यांना फुकट. तू नि मी बायका म्हणून अर्धं. धाकटा पाचाच्या आत, तिकीटच नाही. मोठीचं अर्धं. आमच्या ह्यांचंसुद्धा ज्येष्ठ म्हणून अर्धं."

मी बोटं मोजली. "म्हणजे सात जणांत पूर्ण तिकीट एकट्या आमच्या ह्यांचं."

"मग त्यांना सांग, खिडकी त्यांनाच देऊ."

"काकू, त्यांनी कालच जाहीर केलंय, मी मोटारसायकलनं मागनं येतो."

"येऊ देत की," काकूंनी झारी उचलली, "पाण्याचा कॅन त्यांच्याकडंच दे."