आधी वाजवा, मग बघा

आमच्या कोलंबसच्या मराठी मंडळींत कुणाला जुनी वस्तू घ्यायची असली की पैशांची जुळवाजुळव नंतर. आधी नानांना फोन. नाना मूळचे पुण्याचे. बुधवार-रविवार जुन्या बाजारात फिरून त्यांचा कान तयार झालेला. माठ वाजवायचा, कलिंगड वाजवायचं, नारळ कानाशी नेऊन हलवायचा. कुठलीही वस्तू आधी वाजवायची, मग बघायची आणि शेवटी घ्यायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. आम्ही घर घेतलं तेव्हा त्यांनी भिंती इतक्या ठोकल्या की शेजारच्याने दार उघडून ‘कोण आहे?’ म्हणून विचारलं.

ओहायोत दर ऑक्टोबरात क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्यांचा मोठा मेळावा भरतो. तो बघून आमच्या कन्येच्या डोक्यात घोडी शिरली. घोडी आली, मग तिला न्यायला-आणायला ट्रेलर आला. नव्याची किंमत ऐकून मी जुना शोधायला लागलो आणि अर्थातच नानांना फोन केला. नानांचा घोड्याशी संबंध शून्य; स्वतःच्या वरातीतसुद्धा ते फियाटमध्ये बसून आले होते. पण खिशात स्क्रूड्रायव्हर घालून ते दहा मिनिटांत तयार.

शहरापासून तासाभरावर एका शेतकऱ्याच्या अंगणात दोन घोड्यांचा ट्रेलर उभा होता. चकचकीत पांढरा. “छान आहे की!” मी म्हणालो. नाना म्हणाले, “हं.” हा ‘हं’ मला ओळखीचा आहे. स्थळ बघायला गेल्यावर पोहे गार निघाले की तो येतो.

“आतली मॅट उचल.”

‘उचलू’ नाही, ‘उचल’. नानांच्या तपासणीत डोकं त्यांचं आणि कंबर दुसऱ्याची असते. ४ बाय ६ फुटांची, पाऊण इंच जाडीची रबरी मॅट. वजन ४५ किलोच्या आसपास. ती अर्धी वर झाली आणि नाकात असा अमोनिया गेला की मुलीच्या पाठवणीचं रडू मला आगाऊच आलं. नाना मात्र खूश. “घोडं दिवसाला कमीत कमी ५ लिटर मुततं,” ते म्हणाले. हे त्यांनी कुठून मिळवलं, देव जाणे. “ते जातं कुठं? या मॅटखाली. मालक वरून पाणी मारतो, त्याला वाटतं धुतलं. खाली फळी कुजत राहते. आणि अ‍ॅल्युमिनियमचा तळ असला तर तोही सुटत नाही, बारीक बारीक भोकं पडतात.”

मग त्यांनी टाच आपटली. मधल्या फळ्या टणटण बोलल्या. कडेची, लोखंडावर टेकलेली फळी नुसती ‘भद्’ म्हणाली. नानांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि टोचला. शिऱ्यात चमचा जावा तसा तो आत गेला.

तेव्हा नाना एकदम हळू आवाजात बोलले. “अरे, पाचशे किलोचं जनावर. खाली दीड इंचाची फळी आणि तिच्याखाली पळता रस्ता. पाय आरपार गेला, तर पुढे गाडी हाकणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.” मी मॅट सोडली.

पण नानांचं समाधान व्हायचं होतं. “आता खालून बघ.” मी चिखलात उताणा. तळाला ताजा काळा रंग होता. “ठोक!” वरून आज्ञा आली. ठोकलं, आणि आडव्या लोखंडी पट्ट्यांचे पापुद्रे माझ्या तोंडावर पडले. ओहायोत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ते लोखंड खातं. “काय पडतंय?” “खारी!” मी ओरडलो. “चहाला नको,” नाना म्हणाले.

शेतकऱ्याशी हस्तांदोलन करून नाना इंग्रजीत म्हणाले, “व्हेरी नाइस ट्रेलर.” मला मराठीत म्हणाले, “पळ.”

असे सहा शनिवार गेले. मला आता ओहायोतल्या ट्रेलरांचे तळ चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखू येतात. सातव्या ट्रेलरला मालकाने नुकत्याच नव्या फळ्या घातल्या होत्या. औषध मुरवलेलं पाइनचं लाकूड, पाणी जायला मध्ये फटी ठेवलेल्या, खालचं लोखंड ठणठणीत. नानांनी सगळीकडे टोचून पाहिलं. स्क्रूड्रायव्हर कुठेच शिरेना. त्यांचा चेहरा पडला. दोन प्रदक्षिणा घातल्यावर मागचा एक दिवा बंद सापडला, तेव्हा कुठे त्यांना जरा बरं वाटलं. त्या दिव्यावर त्यांनी पन्नास डॉलर कमी करून घेतले.

घोडीला पहिल्यांदा चढवायचं त्या दिवशी नाना आले आणि सुरक्षित अंतरावर, माझ्या मागे उभे राहिले. घोडी रॅम्पपाशी थांबली. मान खाली घालून तिने फळी हुंगली. मग पुढचा उजवा खूर उचलून फळीवर तीनदा आपटला आणि कान टवकारून ऐकत राहिली.

नानांनी माझा दंड घट्ट धरला.

“अरे,” ते म्हणाले, “ही आपल्या पेठेतली आहे.”