शाफ्टशास्त्री

पुण्यात सकाळी सहाच्या बॅचला जिथे जिथे बॅडमिंटन चालतं, तिथे एक शाफ्टशास्त्री असतातच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, दोन्ही गुडघ्यांवर नीकॅप आणि पाठीवर सहा रॅकेटी मावतील एवढी बॅग. रॅकेटी दोनच असतात, बाकी जागा टॉवेल, केळी आणि ग्रिपच्या रिळांना.

आल्या आल्या शास्त्रीबुवा खेळत नाहीत. आधी तुमची रॅकेट मागून घेतात. एका हातात मूठ, दुसऱ्यात डोकं धरून मधली दांडी हलकेच वाकवतात आणि जुन्या वैद्याने नाडी धरावी तसे डोळे मिटतात. मग निदान येतं, "फारच फ्लेक्सिबल आहे हो! कोणी दिली?" दिलेली असते बायकोने, वाढदिवसाला. पण ते तिथे बोलायची सोय नसते.

विद्या मात्र अस्सल आहे. हात जोरात पुढे आला की मूठ आधी निघते, डोकं मागे रेंगाळतं आणि मधला शाफ्ट मागे वाकतो. तो सरळ होत असताना नेमकं शटलचं फूल भेटलं तर फटक्याला वरकड वेग मिळतो. शाफ्ट मऊ असेल तर संथ हातालाही तो वाकतो, म्हणजे ज्याच्या अंगात जोर कमी त्याला थोडी मदत फुकटात. पण हात वेगवान असेल तर मऊ शाफ्ट वेळेवर सरळ होत नाही, रॅकेटचं तोंड भलतीकडे राहतं आणि रेषेवर मारलेलं फूल रेषेबाहेर पडतं. कडक शाफ्ट कमी वाकतो आणि पटकन सरळ होतो, म्हणून फूल मनात असेल तिथे जातं. फक्त जोर सगळा आपला आपण आणायचा. शिवाय प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. एकीचं मिडियम ते दुसरीचं स्टिफ. त्यामुळे छापलेल्या अक्षरांपेक्षा बुवांच्या बोटांवर हॉलचा विश्वास जास्त. मुळात बराचसा वेग कोपराखालचा हात फिरवण्यातून येतो, शाफ्टचा वाटा त्या मानाने लहान, हेही ते सांगतात. पण जरा हळू आवाजात.

आणि त्यांचा उतारा लागू पडतो! कॉलेजातल्या एका पोराचे ड्राइव्ह सारखे बाहेर जायचे. बुवांनी त्याला स्टिफ रॅकेट घ्यायला लावली, गटिंग, म्हणजे जाळीचा ताण, दोन पौंडांनी वाढवून दिलं. महिन्याभरात पोरगा सुधारला आणि पहिल्यांदा बुवांनाच हरवून गेला.

कारण बुवांची स्वतःची रॅकेट म्हणजे अ‍ॅस्ट्रॉक्स १०० झेडझेड. एक्स्ट्रा स्टिफ. टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकणारा डेन्मार्कचा व्हिक्टर अ‍ॅक्सेलसन ज्या मॉडेलने खेळला, तेच. अ‍ॅक्सेलसन सव्वासहा फुटांच्या वर आहे, हा तपशील बुवा गाळतात. वर गटिंग २८ पौंडांवर, म्हणजे जाळीही मदत करणार नाही याची चोख व्यवस्था. कोर्ट १३.४० मीटर लांब. बुवांचा टॉस, म्हणजे उंच मारलेलं फूल, मागच्या रेषेवरून निघतो आणि नऊ-दहा मीटरवर दमतो. तिथे तो पोरगा उभाच असतो. २०२३ साली सात्विकसाईराज रंकीरेड्डीने ताशी ५६५ किलोमीटरचा विक्रमी स्मॅश मारला, हा आकडा बुवांना तोंडपाठ. त्यांच्या स्मॅशला समोरचे काका आधी चष्मा सावरतात, मग फूल परतवतात.

बुवांकडे कारणं तयार असतात. डिसेंबरात हवा दाट, फूल पुढे सरकत नाही (हे खरं आहे). फुलं ७६ नंबरची आणलीत, जास्त वेगाची ७७ची आणायला हवी होती (हेही खरं आहे). खोटं ते काहीच बोलत नाहीत, हीच तर पंचाईत.

एकदा हॉलमधल्या एका आजोबांनी छेडलं. "शास्त्री, आमच्या सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली मलायात जाऊन स्पर्धा मारली. तेव्हा रॅकेटी वाकू नयेत म्हणून रात्री चौकटीत आवळून ठेवायचे. कुठला स्टिफ नि कुठला फ्लेक्सिबल!"

"त्यांना हात होता हो," बुवा म्हणाले, "आपल्याला निदान शाफ्ट तरी हवा ना."

सौ. शास्त्री आठच्या बॅचला येतात. त्यांची रॅकेट बुवांनीच निवडलेली: मिडियम शाफ्ट, वजनाला फोर-यू, म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम, गटिंग २३ पौंड. बाईंचा टॉस न चुकता मागच्या रेषेजवळ पडतो आणि त्या त्याबद्दल अवाक्षर बोलत नाहीत. मी एकदा बुवांना सुचवून पाहिलं, "एक दिवस वहिनींची रॅकेट घेऊन खेळा की. टॉस मागपर्यंत जाईल."

"जाईलच," बुवा म्हणाले. "मला माहीत नाही होय? पण तो रॅकेटचा जोर झाला. त्यात माझं काय?"