आधी खिडकी उघडा

‘नासाने सिद्ध केलेली, हवा शुद्ध करणारी झाडं’. अशी चिठ्ठी लावून स्नेक प्लांट, मनी प्लांट, अरेका पाम सर्रास विकले जातात. झाडं उत्तम आहेत. चिठ्ठी मात्र फसवी आहे, आणि घरात दमेकरी असलेली माणसंही तिच्यावर विसंबतात, म्हणून मला ती सहन होत नाही.

नासाने केलं काय? १९८९ साली बी. सी. वुल्व्हर्टन या शास्त्रज्ञाने पारदर्शक, हवाबंद पेट्यांमध्ये कुंड्या ठेवल्या. आत बेंझिन, फॉर्मल्डिहाइड असे वायू सोडले आणि ते किती घटतात ते मोजलं. ते घटले. मुळं आणि मातीतले सूक्ष्मजीव यांचाही त्यात मोठा वाटा होता. प्रश्न अंतराळातल्या बंद जागेचा होता आणि त्या प्रश्नापुरतं हे काम चोख होतं. पण आपली बैठकीची खोली हवाबंद पेटी नसते. दारं-खिडक्या आणि फटींतून हवा सारखी बदलत असते, आणि त्या येण्याजाण्यात जेवढे वायू बाहेर पडतात, त्यापुढे झाडाची कमाई नगण्य.

किती नगण्य, तेही मोजून झालं आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्ज आणि वॉरिंग या दोघांनी २०१९ साली आधीच्या १२ शोधनिबंधांमधले १९६ प्रयोग एका मापात आणले. इमारतीतली हवा एरवी जेवढी बदलते, तेवढी सफाई झाडांकडून हवी असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं उत्तर निघालं. १० बाय १० फुटांच्या खोलीत कमीत कमी नव्वदेक कुंड्या! पलंग कुठे टाकणार?

स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो, हे खरं. पण एक माणूस दिवसाला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. उशाशी ठेवलेल्या चार पानांवर एवढा भार टाकायचा?

आता घरातली हवा बिघडते कशाने ते बघा. एक मच्छर कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. ती आपण बंद खोलीत, पाळण्याशेजारी लावतो. मिरचीची फोडणी, धूप, उदबत्ती यांचा धूर निराळा. नव्या फ्लॅटमध्ये प्लायवूड आणि एमडीएफच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड महिनोन्महिने झिरपत राहतं, आणि त्या वासाला आपण ‘नवं फर्निचर’ म्हणून कौतुकाने हुंगतो. वर एसी चालावा म्हणून खिडक्या बंद. भिंतीवरचा बहुतेक स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही.

उपाय साधे आहेत. कॉइल बंद, मच्छरदाणी चालू. फोडणीच्या आधी एक्झॉस्ट फॅन लावा आणि गॅस बंद केल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा खेळती ठेवा. नवं फर्निचर केलं तर राहायला जाण्याची घाई नको. खिडकीबाहेर वाहता रस्ता किंवा बांधकाम असेल तर रहदारी कमी असताना खिडकी उघडा. तेही जमत नसेल आणि परवडत असेल, तर हेपा फिल्टरचं यंत्र घ्या, ते निदान कण अडवतं. आणि बांधकामाला हिरवं जाळं आणि पाण्याचा फवारा आहे का, हे सोसायटीने लेखी विचारावं.

झाडं जरूर लावा. नवं पान उलगडताना पाहण्यात जे सुख आहे, त्याला नासाची चिठ्ठी लागत नाही. नर्सरीवाल्यांना एवढंच सांगणं आहे: ही चिठ्ठी काढा. दम्याने धापणाऱ्या लेकरासाठी कुणी कुंडी मागायला आलं, तर कुंडी जरूर द्या, पण घरात कॉइल लावता का, हे आधी विचारा.